एका बाटलीत किती ताकद?

केळीच्या कापणीचे दिवस असले की बुऱ्हाणपूर, शहापूर, फोपनार या पट्ट्यात आणि पलीकडे रावेरपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अंगात ताकदच राहिली नाही, एक बाटली लावून घेतो." बाटली म्हणजे सलाईन. दवाखान्यात तासभर पडून राहायचं, नळीतून पडणारे थेंब बघायचे, पैसे द्यायचे आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी माणसाला खरोखरच हुशारी वाटते, म्हणून महिन्याभराने तो पुन्हा जातो. घरातली म्हातारी माणसंही मग सांगू लागतात, "मलापण एक लावून आण."

आता त्या बाटलीवरचं लेबल वाचून पाहू. 'डेक्स्ट्रोज ५ टक्के, ५०० मिली' असं लिहिलं असेल तर आत २५ ग्रॅम साखर आहे. तिच्यातून मिळणारी ऊर्जा फार तर १०० किलोकॅलरी. मध्यम आकाराच्या एका केळ्यातूनही साधारण तेवढीच मिळते. लेबलवर 'नॉर्मल सलाईन' असेल तर आत फक्त पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असतं, ऊर्जा शून्य. ज्या गावात केळीचे घड ट्रकमध्ये भरले जातात, तिथला माणूस एका केळ्याइतकी ताकद नसेतून विकत घेतो.

तरीही त्याला बरं वाटतं, हे खोटं नाही. मग हे बरं वाटणं येतं कुठून? याचं उत्तर शोधायचं तर थकवा म्हणजे काय आणि तो कोण ठरवतं, हे आधी समजून घ्यावं लागेल.

साठा भरपूर, तरी अंग गळालेलं

पन्नास किलो वजनाची, बारीक दिसणारी एखादी बाई घ्या. तिच्या अंगात दहा-बारा किलो चरबी सहज असते. त्या चरबीत ऐंशी-नव्वद हजार किलोकॅलरी साठवलेल्या असतात. दिवसाचा खर्च दोन हजार धरला तर महिनाभर पुरतील इतक्या. याशिवाय यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर साठ्याच्या रूपात असते. म्हणजे इंधन कमी पडलं म्हणून ती थकली, असं क्वचितच घडतं.

ठिबकवर केळी लावणाऱ्याला हे चटकन कळेल. विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, तरी एका बाजूची झाडं माना टाकतात, कारण तिकडचा व्हॉल्व्ह बंद असतो. पाणी आहे की नाही हा एक प्रश्न. ते कुठे, केव्हा आणि किती सोडायचं हा दुसरा. शरीरात हे दुसरं काम संप्रेरकं करतात. आपण त्यांना हार्मोन्स म्हणतो. गळ्यातली थायरॉईड, पोटात मागच्या बाजूला असलेलं स्वादुपिंड, मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ॲड्रिनल, मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी अशा ग्रंथी ही रसायनं थेट रक्तात सोडतात आणि रक्तावाटे ती अंगभर फिरतात. प्रमाण अगदी कमी असतं. थायरॉईड दिवसाला जेमतेम १०० मायक्रोग्रॅम हार्मोन तयार करते, म्हणजे एका ग्रॅमचा दहा हजारावा भाग. पण तेवढ्यावर अंगातली जवळजवळ प्रत्येक पेशी अवलंबून असते.

रक्तातली साखरच बघा. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून ती एका वेळी चार-पाच ग्रॅम असते, साधारण चहाचा एक चमचा. चालताना, झोपताना, उपवास करताना ती तेवढ्याच्या आसपास ठेवण्यासाठी इन्शुलिन, ग्लुकागॉन, ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सतत काम करत असतात. बाटलीतून गेलेल्या २५ ग्रॅम साखरेचीही ही मंडळी थोड्याच वेळात वासलात लावतात. दुसऱ्या दिवशीची हुशारी तिच्यामुळे असूच शकत नाही.

मग हुशारी कशाची?

काही भाग साधा आहे. उन्हात राबून अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, ते भरून निघतं. तासभर कोणी कामाला लावत नाही, आडवं व्हायला मिळतं. आपली कोणी दखल घेतली, या समाधानानेही बरं वाटतं, आणि त्याला मी कमी लेखणार नाही.

उरलेला भाग मात्र काळजीचा आहे. काही ठिकाणी बाटलीत किंवा तिच्यासोबत एक छोटं इंजेक्शन दिलं जातं. 'ताकदीचं' म्हणून दिलेलं ते इंजेक्शन कधी ब जीवनसत्त्वाचं असतं, तर कधी स्टेरॉईडचं. डेक्सामेथासोन हे त्यातलं स्वस्त आणि सहज मिळणारं औषध. सगळेच डॉक्टर असं करत नाहीत, पण ही पद्धत आपल्याकडे आहे, आणि तिची पाळंमुळं एका मोठ्या शोधात आहेत.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. १९१४च्या नाताळात त्यांनी थायरॉईडचं हार्मोन, थायरॉक्सिन, शुद्ध रूपात वेगळं केलं. पुढे ते ॲड्रिनल ग्रंथीच्या रसायनांकडे वळले. त्याच संस्थेतले डॉक्टर फिलिप हेंच यांना एक गोष्ट खटकत होती: संधिवाताने जखडलेल्या बायकांना गरोदरपणात आराम पडतो, तो कशाने? शरीरातलंच काहीतरी असावं, असा त्यांचा कयास. १९४८च्या सप्टेंबरमध्ये केंडॉल यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं कॉर्टिसोन त्यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला दिलं. काही दिवसांत ती चालत बाजारात गेली. १९५० साली केंडॉल, हेंच आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. त्यानंतर थोड्याच काळात दुसरी बाजूही दिसू लागली: सुजलेले चेहरे, ठिसूळ झालेली हाडं, वाढलेली साखर, औषध थांबवताच उलटणारा आजार.

आता हिशेब करू. कॉर्टिसोनचं भावंड असलेलं कॉर्टिसॉल निरोगी शरीरातल्या ॲड्रिनल ग्रंथी दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम बनवतात. त्याच जातीच्या डेक्सामेथासोनचं ४ मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन ताकदीने १०० मिलिग्रॅम कॉर्टिसॉलच्या बरोबरीचं असतं. म्हणजे पाच ते दहा दिवसांचं हार्मोन एकदम. भूक लागते, अंगदुखी पळते, मन उल्हसित होतं, झोप उडते. त्याचा असर दीड-दोन दिवस टिकतो. 'दोन दिवस एकदम बरं वाटलं, मग पुन्हा तेच' असं कोणी सांगितलं, की मला या औषधाचीच शंका येते.

हे वारंवार झालं तर काय होतं? बाहेरून एवढं हार्मोन येतंय हे पाहून पिट्युटरी ॲड्रिनलला हुकूम देणं थांबवते. ॲड्रिनल आपलं उत्पादन बंद करते आणि हळूहळू आक्रसते. औषध अचानक थांबलं की अंगात कॉर्टिसॉल उरतच नाही. मग खरा, भयंकर थकवा येतो: उठवत नाही, रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, आणि एखाद्या तापाचं निमित्त होऊन जीवही जाऊ शकतो. म्हणूनच दमा, संधिवात अशा आजारांत डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेल्या, बरेच दिवस चाललेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. त्या पायरीपायरीने कमी करायच्या असतात. मधुमेह असलेल्याची साखर स्टेरॉईडमुळे एकदम चढते. अंगात दबून बसलेला क्षय उसळी मारू शकतो. 'या इंजेक्शनात काय आहे, कागदावर लिहून द्या' असं विचारणं हा पेशंटचा हक्क आहे आणि त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

रात्रीची लाईट आणि पहाटेचं कॉर्टिसॉल

कॉर्टिसॉलची एवढी निंदा वाचून ते वाईट असं समजू नये. तेच आपल्याला सकाळी उठवतं. मध्यरात्रीच्या सुमारास त्याची पातळी तळाला असते, पहाटे ती चढू लागते आणि जाग येण्याच्या सुमारास दिवसातली सर्वांत जास्त होते. यकृताने साखर सोडावी, रक्तदाब थोडा वाढावा, अंग कामाला तयार व्हावं, ही तजवीज आपण डोळे उघडण्याआधीच झालेली असते. उलट अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलॅटोनिन सोडते, अंगाचं तापमान किंचित उतरतं, झोप येते. हे वेळापत्रक डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर बेतलेलं असतं.

आता आपल्याकडचं जगणं पाहा. शेतीची थ्री फेज लाईट रात्रीच्या टप्प्यात आली की शेतकरी बॅटरी घेऊन वावरात जातो. बुऱ्हाणपूरच्या पॉवरलूमवर रात्रपाळी असते, नेपानगरच्या कागद कारखान्यातही पाळ्या आल्याच. रात्री दोन वाजता कॉर्टिसॉल तळाशी आणि मेलॅटोनिन भरात असताना माणूस मोटार चालू करतो किंवा तुटलेला धागा जोडतो. सकाळी सातला तो आडवा होतो, तेव्हा कॉर्टिसॉल नुकतंच वर आलेलं असतं. पत्र्याच्या खोलीत ऊन, रस्त्यावर ट्रॅक्टर. चार-पाच तासांत झोप मोडते, आणि 'आठ तास तर पडून होतास, मग थकवा कसला' असा प्रश्न घरचे विचारतात.

त्यातही आठवडा दिवसाचा, आठवडा रात्रीचा अशी फिरती पाळी सर्वांत त्रासाची, कारण शरीराचं जैविक घड्याळ नव्या वेळेला जुळतंय तोच पाळी बदलते. अपुऱ्या झोपेने भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटतं. रात्रपाळीवाल्याचा हात वारंवार भजी-चहाकडे जातो, त्यामागे हेही एक कारण आहे.

यावर बाटलीचा काही उपयोग नाही. रात्रपाळी टाळता येत नसेल तर निदान झोपेची जागा खरोखर अंधारी करावी. खिडकीला जाड गोधडी लावली तरी चालते. घरी परतताना डोळ्यांवर कडक ऊन घेऊ नये, आणि पाळी संपायच्या आधीचे चार-पाच तास चहा टाळावा. घरच्यांनी त्याची दिवसाची झोप ही चैन मानू नये, हे सर्वांत महत्त्वाचं.

हल्ली इंटरनेटवर 'ॲड्रिनल थकली आहे' असं सांगून गोळ्या-पावडरी विकल्या जातात. असा आजार वैद्यकशास्त्र मानत नाही. ॲड्रिनल खरोखर निकामी होण्याचा, ॲडिसन नावाचा आजार आहे, पण तो विरळा आहे आणि त्याची स्पष्ट तपासणी होते.

थायरॉईड: सगळंच संथ

थायरॉईडचं हार्मोन पेशींना किती वेगाने इंधन जाळायचं हे सांगतं. ते कमी पडलं की सगळे व्हॉल्व्ह अर्धवट फिरवल्यासारखे होतात. फरक हळूहळू पडतो, म्हणून तो ओळखू येत नाही. बाईला इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते, बांगड्या घट्ट होतात, पोट साफ होत नाही, पाळीचं रक्त जास्त जातं, केस विंचरताना पुंजके हातात येतात, आवाज जाडसर होतो. दिवसभर सुस्ती, आणि घरात 'आळशी झाली' अशी बोलणी. ही बोलणी खाणाऱ्या किती बायकांच्या रक्तात टीएसएच वाढलेलं असेल, या विचाराने मला फार वाईट वाटतं.

टीएसएच म्हणजे पिट्युटरीने थायरॉईडला दिलेला हुकूम. थायरॉईड ढिली पडली की हुकूम जोरात सुटतो. म्हणून अहवालात टीएसएच वाढलेलं दिसलं, तर बहुधा थायरॉईड कमी काम करत असते. हे उलटं गणित अनेकांना गोंधळात टाकतं.

हे हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याची बेरीज चार ग्रॅमच्या आत. पण एवढंही मातीत नसलं तर गळ्याला गलगंड येतो आणि गरोदरपणात कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिठातून आयोडीन देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. त्यावरून १९६२मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २००६पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे. ग्राहकाच्या हातात पडताना मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावं, असा नियम. दहा ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम: दिवसाची गरज नेमकी भागते.

म्हणून आरोग्यदायी म्हणून सैंधव किंवा स्वस्त म्हणून खडे मीठ तेवढंच वापरणं, विशेषतः घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असताना, योग्य नाही. मीठ चुलीजवळ उघड्या डब्यात ठेवलं तर त्यातलं आयोडीन उडतं, म्हणून डबा बंद ठेवावा.

आज मीठ मिळूनही थायरॉईडचे पेशंट दिसतात, त्यातल्या बऱ्याच जणांच्या शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटलेली असते. तिथे जास्त आयोडीन खाऊन फायदा नाही, गोळी लागते. ती उपाशीपोटी, रोज, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची. या हार्मोनचं अर्धं प्रमाण अंगातून जायला आठवडा लागतो. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर पातळी स्थिरावायला सहा-आठ आठवडे जातात, आणि पुढची तपासणीही तेव्हाच करतात. 'पंधरा दिवस घेतली, काही फरक नाही' म्हणून ती सोडून देणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक.

चौकट: थकवा अंगावर काढू नये तो केव्हा

दोन-तीन आठवडे पुरेशी झोप घेऊनही थकवा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. सोबत वजन घटत असेल, खोकला किंवा संध्याकाळचा ताप असेल, खूप तहान आणि वारंवार लघवी असेल, जिना चढताना धाप लागत असेल, पाळीला फार रक्त जात असेल, किंवा कशातच मन लागत नसेल, तर वाट पाहू नका. पहिल्या भेटीत बहुधा हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच या तीन तपासण्या पुरतात. छातीत दुखणं, घेरी येऊन पडणं, बोलताना गोंधळ होणं असं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

साखर भरपूर, पेशी उपाशी

इन्शुलिन हे स्नायूंचे व्हॉल्व्ह उघडणारं हार्मोन. ते कमी पडलं किंवा स्नायू त्याला दाद देईनासे झाले की साखर रक्तातच साचते. १८०च्या वर गेली की लघवीतून उतरते आणि सोबत पाणी ओढून नेते. माणूस रात्री चारदा उठतो, तोंड कोरडं पडतं, पाय दुखतात, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. अशा माणसाला न तपासता डेक्स्ट्रोजची बाटली लावणं किती चुकीचं, हे वेगळं सांगायला नको.

'मी तर बारीक आहे, मला कुठली शुगर' हा समज मोडणारं काम पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून चाललेल्या अभ्यासात याज्ञिक यांच्या गटाला हेच बाळांमध्येही दिसलं: वजनाने कमी जन्मलेलं बाळही स्नायूंनी बारीक आणि चरबीने भरलेलं. स्नायू कमी म्हणजे साखर सामावणारी जागाच कमी. तिशी ओलांडली की बारीक माणसानेही साखर तपासावी, ती यासाठी.

रक्त कमी असेल तर

बायकांच्या थकव्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं कारण मात्र रक्तक्षय आहे. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे, १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये तो आढळला. केळ्यात लोह नगण्य असतं. बाजरी, डाळी, मेथी-चवळीच्या भाज्या, खाणाऱ्यांसाठी मांस-मासे, सोबत लिंबू, आणि जेवणासोबत चहा नको, हे आपण ऐकलेलं असतं.

इथेही एक हार्मोन आहे, आणि त्याची ओळख अवघ्या पंचवीसेक वर्षांची. त्याचं नाव हेप्सिडिन, ते यकृतात बनतं. अंगात लोह पुरेसं झालं की हेप्सिडिन वाढून आतड्यातून लोह आत यायची वाट बंद करतं. लोहाची गोळी घेतल्यावरही ते दिवसभर वाढलेलं राहतं. म्हणून काही जणींना एक दिवसाआड गोळी दिली तर ती जास्त चांगली शोषली जाते आणि पोटाचा त्रासही कमी होतो. पण गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून रोजची गोळी मिळते, ती रोजच घ्यावी. वेळापत्रक डॉक्टर किंवा एएनएम ताईंना विचारल्याशिवाय बदलू नये.

हेप्सिडिन आणखी एका वेळी वाढतं: अंगात संसर्ग किंवा दीर्घकाळची सूज असताना. जंतूंनाही वाढायला लोह लागतं, ते त्यांना मिळू नये म्हणून शरीर लोह कोठारात कुलूपबंद करतं. काही दिवसांच्या तापात हे उपयोगी पडतं. पण क्षयासारखा आजार महिनोनमहिने रेंगाळला की साठा असूनही रक्त तयार होत नाही, आणि गोळ्यांवर गोळ्या घेऊनही बाई पांढरीफटकच राहते. त्यामुळे गोळ्या नीट घेऊनही दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन हललं नाही, तर गोळीचा ब्रँड बदलण्याआधी खोकला, ताप, वजन, जंत आणि पाळीचा रक्तस्राव यांची चौकशी व्हायला हवी.